बाविसावा मुद्दा

जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, हे समाजकार्याचं मूलतत्त्व आहे. हे तत्त्व आपण शोधून काढलं असं प्राध्यापक तडवळकरांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी कुठेतरी लिहून ठेवलेलं असल्यामुळे आम्हाला ते खरं मानावं लागे.

माणूस तत्त्वाला जागणारा होता. सोलापुरात एका बोळात त्यांच्या दोन खोल्या होत्या. दाराशी खुंटीला सुतळीने बांधलेली एक वही लोंबत असे. तिच्यावर 'भेटनोंद' असं लिहिलेलं. येणाऱ्याने आधी तिच्यात तारीख, वेळ, नाव आणि भेटीचा हेतू लिहायचा, सही करायची, मग चपला काढायच्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सर आत पूजेला बसले होते, म्हणून वही चाळली. तीन पानं भरून दूधवाला होता. 'नाव : सिद्राम. हेतू : दूध.' पुढे अंगठा. मध्येच एकदा पोस्टमन आला होता. हेतू : 'शेजारचा पत्ता विचारणे.' मग पुन्हा सिद्राम. एवढ्या वर्दळीच्या घरात आपण आणखी गर्दी करतो आहोत असं वाटून मला संकोच झाला.

ही त्र्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. समाजकार्याच्या वर्गात आम्ही अकरा जण होतो. जगाचं दुःख दूर करायला आलो होतो, निदान प्रवेशअर्जात तसं लिहिलं होतं. तडवळकर सर आम्हाला अहवाललेखन शिकवत. पहिल्याच तासाला त्यांनी पिशवीतून लाकडी फूटपट्टी काढली. आम्हाला वाटलं, मारणार. त्यांनी फळ्यावर डाव्या बाजूला दीड इंचाचा समास आखला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "ज्याला कागदावर दीड इंच सोडवत नाही, तो दुसऱ्यासाठी काय सोडणार?"

हे वाक्य आम्ही वहीत उतरवून घेतलं. समास न सोडता.

समास सुटायचा तो सरांच्या शाईसाठी. ती हिरवी होती. हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्याने वापरायची असते. सर राजपत्रित नव्हते, पण शाई दुकानात कुणालाही मिळते. त्या शाईत 'अनावश्यक' हा शब्द ते इतक्या सुबक अक्षरात लिहीत की आमच्यातल्या एका मुलीने तो कापून वहीच्या कव्हरवर चिकटवला होता. बाद केलेला अहवाल ते परत देत नसत. त्यात लोकांची खाजगी माहिती असते, ती उघड्यावर पडता कामा नये, म्हणून ते तो घरी नेत आणि नष्ट करत. म्हणजे तसं सांगत.

सरांचा मुख्य सिद्धांत निरीक्षण आणि अनुमान वेगळं ठेवण्याचा. त्याच मुलीने एकदा लिहिलं होतं, 'बाई रडू लागली.' सरांनी तिला उभं केलं.

"डोळ्यांतून पाणी आलं, हे निरीक्षण. रडली, हे अनुमान. कांदा चिरत असेल की."

"कांदा नव्हता सर. आदल्या दिवशी तिचा नवरा गेला होता."

"मग तसं लिहा. कांदा नव्हता."

सर मूळचे अक्कलकोटच्या बाजूचे. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. मराठी बोलत ती छापील, पण रागावले की कानडीत जात. 'बिचारी', 'दुर्दैवी', 'हृदय पिळवटून टाकणारे' असलं काही दिसलं की चष्मा कपाळावर चढे आणि तोंडातून "येनप्पा इदु" निघे. म्हणजे, हे काय रे बाबा. वर्षाअखेरीस आमच्या लिखाणातून बिचारे लोक साफ नाहीसे झाले होते. जगातून झाले नव्हते, पण त्याची नोंद आमच्याकडे नव्हती.

त्यांच्या गृहभेटीच्या अहवालात बावीस मुद्दे होते. बाविसाच्या बावीस भरायचे, काही नसेल तिथे 'निरंक' लिहायचं. रिकामी जागा म्हणजे पाप. चौदावा मुद्दा होता, 'कुटुंबाची मनोरंजनाची साधने'. हा प्रश्न मी शहराच्या पूर्व भागात एका पत्र्याच्या खोलीत, बिड्या वळत बसलेल्या बाईला विचारला. सभोवती यंत्रमागांचा खडखडाट एवढा की प्रश्न दोनदा ओरडावा लागला. तिने मांडीवरच्या सुपातून मान वर केली, माझ्याकडे, माझ्या झब्ब्याकडे, माझ्या शबनम पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "आत्तापर्यंत नव्हतं. आता तुमी येताय की."

ही नागम्मा. हिच्यावर मी माझ्या आयुष्यातला पहिला अहवाल लिहिला, आणि तिच्यामुळेच तडवळकर सरांबद्दल माझं मत बनलं. ते मत मी बरीच वर्षं अभिमानाने बाळगलं.

नागम्माचा नवरा माग चालवायचा. तो वारला आणि पाठोपाठ ती तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या सात वर्षांच्या मुलीला, रेणुकाला, शहरातल्या एका बालगृहात ठेवलं होतं. आता नागम्मा उठून कामाला लागली होती आणि तिला मुलगी परत हवी होती. तिचा निकाल बालगृहाची समिती करणार होती. समिती महिन्याच्या पहिल्या शनिवारी बसे. तिचे नियम दोनच. घरात दुखणेकरी असेल तर मूल द्यायचं नाही. आणि अर्ज एकदा फेटाळला की वर्षभर नवा घ्यायचा नाही. समितीपुढे गृहभेटीचा अहवाल लागे. तो मी लिहायचा आणि सरांनी सही करून पुढे पाठवायचा.

मी जीव ओतून लिहिला. खोलीचं माप घेतलं, मडकी मोजली, मुलीचा परकर खुंटीवर घडी घालून ठेवला होता तोही टिपला. 'बोलताना सेवार्थीस वारंवार खोकला येत होता' असंही लिहिलं, कारण सर म्हणत, जे ऐकलं ते लिहा. तंबाखूत दिवसभर बसणाऱ्या बाईला खोकला येणारच, हे माझं अनुमान होतं, म्हणून ते लिहिलं नाही. सरांचा याहून आज्ञाधारक विद्यार्थी त्या साली नव्हता.

शनिवारच्या दोन दिवस आधी सरांनी मला बोलावलं. अहवालावर फूटपट्टी ठेवलेली होती.

"माने, सातव्या पानावर समास सव्वा इंच झालाय."

मी म्हणालो, नवीन पान लिहून देतो, आत्ता देतो. ते म्हणाले, एक पान बदललं की हाताचं वळण बदलतं, पूर्ण लिहा. आणि पुन्हा गृहभेट करून लिहा, जुनी निरीक्षणं शिळी होतात. खोकल्याच्या ओळीवर हिरवी रेघ होती आणि पुढे सुबक अक्षरात 'अनावश्यक'. परकर मात्र ठेवला होता. तो शनिवार गेला.

दुसऱ्या महिन्यात समास मी पट्टीने आखून घेतला. या खेपेला सरांना 'सदर' हा शब्द एकाच पानावर चार वेळा आलेला आढळला. गंमत अशी की चारांपैकी तीन 'सदर' त्यांनीच पहिल्या अहवालात घालायला लावले होते. खोकल्याची ओळ पुन्हा बाद. तोही शनिवार गेला.

बालगृहात मुलांना भेटायचा दिवस असे, तेव्हा मी नागम्माला फाटकापाशी पाहत असे. ती आत मुलीजवळ फार वेळ बसत नसे, दूरच बसे, पदर तोंडाशी धरून. मला वाटलं, रडू लपवते. हे अनुमान होतं, पण मी एव्हाना सरांवर इतका चिडलो होतो की मुद्दाम अनुमानं काढत होतो. मला बघून ती म्हणे, "झालं का तुमचं लिवून?" मी म्हणे, होतंय. ती म्हणे, "मी दिवसाला हजार बिड्या वळते भाऊ. तुमचा एक कागुद होईना."

तिसऱ्या महिन्यात सरांनी अहवाल बाद केला तो जोडलेल्या नकाशात उत्तर दिशा नव्हती म्हणून. एका पत्र्याच्या खोलीचा नकाशा. तिला दार एक आणि दिशाही तीच. तेव्हा मात्र मी बोललो. म्हणालो, सर, तुमचा समास दीड इंच व्हावा म्हणून तिकडे एक आई तीन महिने वाट बघते आहे.

सरांनी हिरव्या पेनाला टोपण लावलं. "वाट बघते, हे अनुमान," ते म्हणाले. "या तुम्ही."

त्या दिवशी चहाच्या टपरीवर मी वर्गमित्रांना तडवळकरांची संपूर्ण मीमांसा ऐकवली. हा माणूस माणसांना घाबरतो म्हणून कागदाच्या आड बसतो, असं मी म्हणालो. ज्याच्या घरी दूधवाल्याशिवाय कुणी चढत नाही त्याला आई-लेकरू काय कळणार, असंही म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. बोललो छान. लिहून ठेवलं असतं तर आज आणखी लाज वाटली असती.

चौथ्यांदा गेलो तेव्हा नागम्मा अंगाने जरा भरली होती. मला चहा दिला, स्वतः घेतला, मागच्या खेपेसारखं पेला वेगळा ठेवणं वगैरे काही नव्हतं. त्या तासाभरात ती खोकली नाही, म्हणून मी खोकला लिहिला नाही. खरं सांगायचं तर तो अहवाल मी वैतागून लिहिला होता. समास तिरका होता, 'सदर' पाच होते आणि नकाशात उत्तर दक्षिणेला गेली होती. सरांनी सगळी पानं उलटली, एका ठिकाणी थांबले, पुन्हा वाचलं.

"चांगला झालाय," ते म्हणाले आणि सही केली. त्यांचा नेम आता उतारवयामुळे ढळत चालला असावा असं मी ठरवलं.

पहिल्या शनिवारी समिती बसली. अध्यक्ष आडतीचा व्यापार करणारे गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणत. बाकीचे दोन सभासद अण्णा काय म्हणतात ते ऐकायला येत. माझा अकरा पानी अहवाल अण्णांनी हातात घेतला आणि शेंगांचा नमुना तोलावा तसा तोलला.

"ह्ये सेवार्थी कोन?"

"आई," सर म्हणाले.

"आन् उपसेवार्थी?"

"मुलगी."

"मग आई आन् पोरगी म्हना की. घरात कुनी दुखनाईत हाय का?"

सरांनी कोटाच्या खिशातून सरकारी दवाखान्याची एक चिठ्ठी काढून पुढे ठेवली. अण्णांनी तिच्यावरचा शिक्का तेवढा बघितला. "न्हाय ना? द्या मग पोरगी," ते म्हणाले, आणि चहा आला. अहवाल कुणी उघडलाही नाही. बावीस मुद्दे, चार मसुदे, तीन शनिवार, आणि निकाल लागला शिक्क्यावर. सर आपली अकरा पानं टेबलावर ठोकून एकसारखी करत होते. मला इतका आनंद झाला की रेणुका आईचं बोट धरून फाटकाबाहेर गेली तिकडे माझं नीट लक्षही नव्हतं. मी सरांचं तोंड बघत होतो.

पुढे पाच-सहा वर्षांनी मी त्याच बालगृहात अधीक्षक झालो. माझ्या हाताखाली शिकायला मुलं येऊ लागली आणि त्यांना मी अहवाल कसा लिहू नये हे तडवळकरांच्या गोष्टी सांगून शिकवत असे. कांद्याची गोष्ट तर दरवर्षी. मुलं हसत. मी ती बरी सांगतो.

एका मंगळवारी बाजारात मागून कुणीतरी "ओ मनोरंजन" अशी हाक मारली. नागम्मा होती. बरोबर परकर-पोलक्यातली उंच मुलगी. तीच रेणुका. इकडचं तिकडचं झालं. मग नागम्माने विचारलं, "आमचे अंडीवाले सर कसे हायेत?"

मी म्हणालो, अंडीवाले कोण?

"तडवळकर सर की."

मी तिला समजावलं की तुझी काहीतरी चूक होते आहे. तडवळकर सर लिंगायत. शेजारच्या घरात अंडं फुटलं तरी अंघोळ करतील. नागम्मा हसायला लागली. म्हणाली, "व्हय की. पिशवी अशी लांब धरून यायचे, जणू साप हाय आत. दारातच ठेवायचे. दर आयतवारी डझनभर."

मग तिने बाजारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं, भेंडी निवडत. तिला क्षय होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सुया चालू होत्या आणि डॉक्टरने अजून तीन-चार महिने सांगितले होते. बेडका साफ निघाल्याशिवाय मुलीला जवळ घ्यायचं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, दवाखान्याला ठाऊक होतं आणि तिथे तिला पहिल्यांदा नेणाऱ्या सरांना ठाऊक होतं. त्या वेळी अर्ज समितीपुढे गेला असता तर फेटाळला गेला असता, आणि मग एक वर्ष. आणि दम मात्र तिलाच धरवेना. अर्ज तिने सरांना न विचारता आधीच बालगृहात देऊन टाकला होता. मग सरांनी काय करायचं? तर अहवाल पोचू द्यायचा नाही. रविवारी ते अंडी घेऊन यायचे, सुईचा कागद तपासायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहूनच परत जायचे. बेडका साफ निघाला त्या दिवशी चिठ्ठी तेच घेऊन गेले. मुलगी घरी आल्यावर यायचे बंद झाले.

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हणालो. अधीक्षकाच्या तोंडी शोभेल असं ते वाक्य नव्हतं.

"मी म्हनलं की सरांना, त्या भाऊला सांगा, बिचारा सारखा हेलपाटे घालतोय." नागम्माने एक जून भेंडी बाजूला टाकली. "सर म्हनले, त्याला सांगू नको. तो लिवील."

ती खरी गोष्ट होती. मी लिहिलं असतं. निरीक्षण म्हणून, सुबक अक्षरात, दीड इंच समास सोडून.

जाता जाता तिला आणखी एक आठवलं. अंडी फुटू नयेत म्हणून एकेका अंड्याला एकेक कागद गुंडाळलेला असे. चांगला करकरीत, एका बाजूला लिहिलेला कागद, हिरव्या शाईच्या रेघा मारलेला. रेणुकाने घरी आल्यावर त्यांच्या पाठीमागे अक्षरं गिरवली. म्हणजे आमची खाजगी कागदपत्रं नष्ट व्हायची ती अशी. माझ्या पहिल्या तीन अहवालांचा समाजाला प्रत्यक्ष उपयोग झाला, असं आता म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळी मी सरांकडे गेलो. ते निवृत्त झाले होते. वही दाराशी होती, सुतळी नवी होती. पानभर सिद्राम. मी खाली नाव लिहिलं आणि हेतूच्या रकान्यात लिहिलं, 'सहज'.

सर बाहेर आले, चष्मा चढवून त्यांनी नोंद वाचली. "सहज कुणी येत नाही," ते म्हणाले. "अनुमान आहे हे."

चहा त्यांनी स्वतः केला. साखर विसरले होते. मी नागम्मा भेटल्याचं सांगितलं, मुलगी उंच झाल्याचं सांगितलं. ते ऐकत होते. किती उंच, एवढंच विचारलं, आणि मी हाताने दाखवल्यावर बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. मग मी अंड्यांचं काढलं.

"अंडी?" त्यांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. "येनप्पा इदु. मी लिंगायत माणूस, माने. लिहिलंय का असं कुठं?"

"नाही सर."

"मग?"

निघताना ते दारापर्यंत आले आणि वहीत माझ्या नावापुढे जाण्याची वेळ लिहा म्हणाले. मी लिहिली. पुन्हा या असं ते म्हणाले नाहीत, पण पुढच्या ओळीचा अनुक्रमांक मात्र त्यांनी माझ्यासमोरच घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी रेणुकाची जुनी फाईल काढली. माझा चौथा अहवाल तिच्यात होता, तिरक्या समासाचा. बाविसावा मुद्दा मी भरलेला नव्हता, वैतागाच्या भरात राहून गेला होता. 'कार्यकर्त्यांनी कुटुंबास केलेली अन्य मदत.' त्याच्यापुढे दुसऱ्या हाताने, सुबक हिरव्या अक्षरात, लिहिलं होतं : निरंक.